मावशीच्या नावापुढची ओळ

३ जून

भाऊजी,

आधी आशीर्वाद. थोरल्या वहिनीने तो द्यायचाच असतो, मनात राग असला तरी. राग पुढे येईल.

जुन्या आवाजांच्या मंडळाकडून तुम्हाला तीन पत्रं गेली. एकाचंही उत्तर आलं नाही म्हणून काल मास्तर माझ्याकडे आले. मास्तर म्हणजे शाळेत जीवशास्त्र शिकवायचे ते. आता निवृत्त आहेत आणि बेडकांच्या जागी कॅसेटी उघडून बसतात. मला म्हणाले, "तुमचे दीर हयात तर आहेत ना?" मी म्हटलं, आहेत, आणि तब्येतही चांगली असणार, कारण रुसायला ताकद लागते.

मंडळ काय करतं ते त्या पत्रांत असेल. तरी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मोडक्या खुर्च्यांची खोली होती. ती ह्या लोकांनी मागून घेतली, खुर्च्या दुरुस्त केल्या, भिंतींना जाड कापड लावलं, टेबलांवर हेडफोन ठेवले. इथल्या रेडिओ केंद्रावरून जे जे विनोदी कार्यक्रम झाले ते कुणालाही येऊन ऐकता यावेत, कुणाला अभ्यास करायचा असेल तर करता यावा, एवढाच हेतू. केंद्राकडे स्वतःचं काही उरलेलं नाही. त्यांनी जुन्या फिती पुसल्या आणि त्यांच्यावर भाषणं भरली. उरलं ते लोकांनी घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेलं. पिशव्या भरभरून कॅसेटी आल्या आहेत. त्यांत तुम्हा भावांच्या 'जिन्याखालच्या मंडळी'च्या सर्वांत जास्त. हे मी मुद्दाम लिहिते आहे. एकीत मागे भांडी घासण्याचा आवाज येतो. दुसरीत एक बाई पोराला दटावते, "हळू बोल, मावशी बोलतेय." मास्तर ते काढून टाकत नाहीत. म्हणतात, हाही कार्यक्रमच आहे.

प्रत्येक भागाचं एक कार्ड असतं. वर तारीख, खाली लेखन, त्याखाली कोणत्या पात्राला कुणाचा आवाज. भाडेकरू, वरचा डॉक्टर, दूधवाला, ही सगळी ह्यांची, तुमच्या दादांची पात्रं. मावशी तुमची. पण तुम्ही नोकरी धरून दूर गेलात त्यानंतर कार्यक्रम वर्षभर चालला, आणि मावशी त्या वर्षातही जिन्याखाली बसून सगळ्यांना फैलावर घेत होती. त्या भागांच्या कार्डावर 'मावशी' लिहिलंय आणि पुढची ओळ कोरी आहे. सप्टेंबरात खोली लोकांसाठी उघडणार. तोवर कळलं नाही तर मास्तर तिथे 'अज्ञात' लिहिणार आहेत.

ह्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आता ज्यांना विचारता येईल असे आपण दोघंच उरलो, आणि दोघांतल्या एकालाच खरं ठाऊक आहे. तो एक तुम्ही नाही.

मी मास्तरांना सांगितलंय की मावशी भाऊजींनी जन्माला घातली, तिच्या नावापुढे दुसरं नाव लिहायचं तर त्यांना विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. तेव्हा हे विचारणं समजा.

वहिनी


१९ जून

भाऊजी,

उत्तर नाही. ठीक आहे. तुमच्या दादांनाही पत्राला उत्तर देण्याची घाई कधी नसायची, पण ते निदान "बघू" असं तोंडाने तरी म्हणायचे.

मास्तरांनी परवा एक शोध लावला. ते आणि चष्म्याचं दुकान असलेले गृहस्थ (त्यांना मंडळात सगळे चष्मेवाला म्हणतात, त्यांना राग येत नाही) गेले कित्येक दिवस भांडत होते. चष्मेवाल्यांचं म्हणणं, तुम्ही गेल्यावर थोरल्यांनीच मावशीचाही आवाज काढला. मास्तरांना ते पटत नव्हतं. मग त्यांनी सगळे भाग ओळीने लावले आणि एक गोष्ट त्यांच्या कानाने पकडली. तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या काही भागांत मावशी आणि भाडेकरू कधीच एकमेकांच्या बोलण्यात बोलत नाहीत. एकाचं संपतं, जराशी फट पडते, मग दुसऱ्याचं सुरू होतं. मावशी म्हणजे आडवी बोलणारी बाई, आणि ती गुमान आपली पाळी येण्याची वाट बघते. मास्तर म्हणाले, "एका तोंडात दोन माणसं मावतात, पण ती एका वेळी बोलत नाहीत." म्हणजे चष्मेवाले बरोबर.

आणि मग एका भागापासून पुन्हा सुरू. भाडेकरू छत्रीबद्दल विचारतो, त्याचं वाक्य अर्धं असताना मावशी त्याच्यावर येऊन आदळते, दोघं मिळून जो गोंधळ घालतात त्यात शेवटी फक्त छत्री कळते. म्हणजे मास्तरही बरोबर. दोन तोंडं आहेत. दुसरं कुणाचं?

दोघं माझ्याकडे बघत होते. मी चहा ठेवायला उठले.

तुम्हाला सांगते. ती मी.

तुम्ही गेलात तेव्हा बजावून गेला होतात, मावशी माझी आहे, तिला बंद करा. हे म्हणाले, ती आता लोकांची आहे. ते भांडण मी दाराआडून ऐकलं. दोघंही बरोबर होतात, म्हणून मध्ये पडले नाही. नंतर ह्यांनी एकट्याने सगळं ओढलं. मावशीचा आवाज त्यांना साधला, पण भांडण साधेना. ती गप्प गप्प झाली. लोकांची पत्रं यायला लागली, मावशीला बरं नाही का? एका आजींनी काढ्याची कृती पाठवली. ते पत्र वाचून हे हसले आणि मग बराच वेळ हसले नाहीत.

मी तेव्हा त्यांना संहिता पाठ करायला मदत करायची. तिथूनच माझं वाचन सुरू झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा सुटलेली, जोडाक्षरं तुम्ही लिहिलेल्या भांडणांवरून पक्की केली. एका दुपारी मी मावशीची वाक्यं म्हणत होते. नेहमीसारखी सपाट नाही म्हटली, भाजी निवडता निवडता म्हटली. हे मध्येच थांबले. म्हणाले, "परत म्हण." परत म्हटलं. मग ते भाडेकरूच्या आवाजात बोलायला लागले आणि मी त्यांना बोलू दिलं नाही.

केंद्राचा नियम तुम्हाला सांगायला नको. आवाजाची परीक्षा पास झाल्याशिवाय माइकसमोर कुणी बसायचं नाही, आणि कलाकाराच्या नात्यातल्या माणसाने तर नाहीच. परीक्षा वर्षातून एकदा, ती होऊन गेलेली. आपल्या निर्मात्या बाईंना ह्यांनी विचारलं नाही, सांगितलंही नाही. मला आत घेऊन गेले, पहारेकऱ्याला म्हणाले, माझं खोकल्याचं औषध आणलंय हिने. बाईंनी काचेतून पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सहायकाला म्हणाल्या, "चष्म्याशिवाय मला काचेपलीकडचं काही दिसत नाही. सुरू करा."

दर आठवड्याला त्या चष्मा काढायच्या. त्या आता नाहीत, त्यांना कुणी विचारणार नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

बाहेर कळलं असतं तर बाईंची नोकरी आणि ह्यांचं केंद्रावरचं काम दोन्ही गेलं असतं. म्हणून तुम्हालाही कळवलं नाही. पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. आणि मग तुमचं ते कार्ड आलं, 'जागा लवकर भरलीत.' एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. ते वाचून ह्यांनी तुम्हाला लिहिणंच सोडलं.

मला वाईट वाटत नाही, भाऊजी. मला बरं वाटतंय. चष्मेवाले म्हणाले, ते शेवटच्या वर्षाचे भाग सर्वांत धारदार आहेत. मी कपबशा विसळत होते, पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे माझा चेहरा कुणाला दिसला नाही.

वहिनी


८ जुलै

भाऊजी,

पत्र मिळालं. तीन पानं. इतक्या वर्षांचं मौन सोडलंत ते रागाने का होईना. राग अक्षराला मानवलाय तुमच्या, पूर्वी इतकं सुवाच्य नव्हतं.

तुम्ही लिहिता, मी खोटं सांगते आहे. लिहिता, दादाने कुणी तरी पैसे घेऊन काम करणारी नटी आणली, आणि आता त्याच्या मागे मी त्याची बाजू सावरते आहे. हे एक. दुसरं तुम्ही खूप खाली, शेवटच्या पानावर लिहिलंय, आणि मला वाटतं खरं पत्र तेवढंच आहे. की ते कार्ड टाकलंत त्या दिवशी तुम्ही तिकडे, भाड्याच्या खोलीत, कसाबसा आपला कार्यक्रम लावलात. खरखरीतून मावशीचा आवाज आला. आणि रागवण्याच्या आधी तिने श्वास घेतला. छोटा, नाकातून, आत ओढलेला. तो आईचा श्वास होता. आपल्या मेलेल्या आईचा श्वास दादाने एका परक्या बाईला शिकवला आणि लोकांना हसवायला वापरला, हे तुम्हाला सहन झालं नाही. तुम्ही रेडिओ बंद केलात.

आता ऐका. जरा बसून वाचा.

तुमची मावशी श्वास घेत नव्हती. तुम्ही म्हणायचात, शिवी देण्याआधी श्वास घेतला तर समोरचा सावध होतो. तुम्ही खालचा जबडा पुढे काढून एक नाकपुडी अंगठ्याने दाबायचात. मी तसं करून पाहिलं, मला शिंका आल्या. मग मी तो आवाज शोधायचं सोडलं आणि मला जी रागवणारी बाई माहीत होती तिच्यासारखी बोलले.

तो श्वास मला कुणी शिकवला नाही. सासूबाई अंथरुणाला खिळेपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होते. तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडायचात. तो श्वास तुम्ही जेवताना ऐकलात, मी दिवसभर ऐकला. दूध उतू गेलं, श्वास. पुस्तक हातात दिसलं, श्वास. तो आला की हातातलं काम ठेवून सरळ उभं राहायचं आणि पुढचं ऐकून घ्यायचं. परक्या बाईला तो कितीही पैसे देऊन घेता आला नसता. जिने तो सोसला तिलाच तो येतो.

पण माइकसमोर तो घेताना मला त्यांचा राग कधी आला नाही. उलट वाटायचं, बघा सासूबाई, तुमच्या रागवण्याला सगळं गाव हसतंय, आणि प्रेमाने हसतंय. त्यांना ते आवडलं असतं, असं मी म्हणणार नाही. नसतंच आवडलं. पण त्यांनी दर आठवड्याला ऐकलं असतं.

आणि दुसरं, ज्याचा मला खरा राग आहे. तुम्ही रेडिओ बंद केलात तो मध्येच. शेवटपर्यंत ऐकलं असतंत तर निवेदिका काय म्हणाली ते कळलं असतं. ती म्हणाली, "सादर केलं दोघा भावांनी." आणि तुम्हा दोघांची नावं. त्या भागाला, त्याच्या पुढच्या भागाला, वर्षभर. मंडळात या, मास्तर ऐकवतील. मी ह्यांना एकदा विचारलं होतं, भाऊजी तर इथे नाहीत, मग नाव कशाला? हे म्हणाले, "जागा त्याची आहे. तो येईल तेव्हा कुणाला उठवायला लागू नये."

म्हणून माझं नाव कुठेच नाही. त्या वेळी मला ते चाललं. ह्यांना चाललं म्हणून चाललं असं नाही, मला स्वतःला चाललं. आता चालत नाही. तुमचे दादा जाऊन दोन वर्षं झाली. घरात शांतता आहे असं लोक म्हणतात. शांतता नाही, एक आवाज कमी आहे, आणि ते वेगळं असतं. ह्या दोन वर्षांत मी खूप वाचलं. जाड जाड पुस्तकं वाचली, शब्दकोश उशाशी घेऊन. प्रत्येक पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. भाषांतर करणाऱ्याचंसुद्धा आत बारीक अक्षरांत असतं. तेवढं बारीक मला चालेल. पण 'अज्ञात' नाही चालणार. मी अज्ञात नाही, मी तुमच्या घरातच होते.

तुम्ही शेवटी लिहिलंत की परीक्षा न दिलेल्या आवाजाचं नाव कार्डावर जाऊ शकत नाही, तिकडच्या रेडिओ केंद्रात तुम्ही इतकी वर्षं परीक्षक होतात आणि नियम म्हणजे नियम. आधी म्हणता मी तो आवाजच नाही, मग म्हणता आवाजाने परीक्षा द्यायला हवी होती. दोन्ही एकदम कसं चालेल? तुम्हीच ठरवा.

मी परीक्षा देणार नाही. ह्या वयात मी दातांच्या डॉक्टरांचंही ऐकत नाही.

वहिनी


२३ जुलै

भाऊजी,

तुमचं चार ओळींचं पत्र पोचलं. त्यात तुम्ही मावशीच्या जुन्या भांडणाचं एक पान पाठवलंत आणि लिहिलंत की मास्तरांच्या फोनवर बोलून पाठवा, ऐकून ठरवतो.

चार दिवस मी ते पान स्वयंपाकघरात डब्याखाली दाबून ठेवलं. येता-जाता वाचलं. छत्रीचंच भांडण पाठवलंत. "मावशी, माझी छत्री पाहिलीत?" "पाहिली ना. काल पावसात जाताना पाहिली." "कुणाबरोबर?" "माझ्याबरोबर." मी वाचून हसले. ते तुम्ही लिहिलेलं आहे आणि अजून चालतं. हेही ऐकून घ्या, मला तुमचा अभिमान वाटतो. रुसवा होता त्या वर्षांतही वाटत होता. बाजारात कुणी मावशीची नक्कल केली की मी सांगायची, ती माझ्या धाकट्या दिराने लिहिली.

तर परीक्षा देते. पण नियम म्हणजे नियम, हे तुमचंच वाक्य. परीक्षा फोनवर होत नसते. परीक्षक काचेपलीकडे बसतो आणि स्वतःच्या कानाने ऐकतो. तेव्हा तुम्हाला यावं लागेल. वाचनालयातल्या खोलीच्या दाराला वर काच आहे. बाहेरच्या बोळात तुमच्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. मास्तर भाडेकरू वाचतील.

तुम्ही दादांना भेटायला आला नाहीत. शेवटीही नाही. त्याबद्दल मी काही विचारणार नाही. परीक्षा द्यायला आलेली बाई परीक्षकाला प्रश्न विचारत नाही. कामासाठी या, काम करा आणि जा.

ऑगस्टातला कुठलाही शनिवार.

वहिनी


११ सप्टेंबर

भाऊजी,

सुखरूप पोचलात हे मास्तरांना कळवलंत आणि मला नाही. पण पोचलात, बरं झालं.

आधी मास्तरांचं. त्यांच्या हातून तुम्ही कागद ओढून घेतलात ते त्यांना लागलं असेल अशी मला काळजी होती. उलट ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत. "मी इतकं वाईट वाचलं की परीक्षक दार उघडून आत आले." त्यांचा भाडेकरू खरंच बेडकाची आतडी समजावून सांगितल्यासारखा होता. मीसुद्धा दोन वेळा मावशी सोडून त्यांना वाक्य सांगितलं. तरी तुम्ही अर्धं पान काचेमागे तग धरलात.

तुम्ही दादांच्या आवाजात बोलाल असं मला वाटलं नव्हतं. तुम्हाला तो येतो हे मला माहीत नव्हतं. लहानपणी त्यांच्या आवाजात शेजाऱ्यांना फसवायचात म्हणे, मागे हे सांगायचे, पण मी ती गंमत समजले होते. पहिलं वाक्य बोललात मात्र, दोन वर्षांनी तो आवाज समोरून आला, कॅसेटमधून नाही. पुढचं वाक्य माझं होतं आणि मला आठवेना. मग मी श्वास घेतला. सवयीने घेतला, मावशीसाठी नाही, मला हवा होता म्हणून. आणि तो घेतल्यावर वाक्य आपोआप आलं. त्यानंतर मी तुम्हाला बोलू दिलं नाही, हे तुम्ही पाहिलंतच.

आता इथलं.

रविवारी खोली उघडली. खुर्च्या कमी पडल्या, लोक जिन्यात उभे राहिले. जिन्याखाली नाही, वर, पण गंमत सगळ्यांच्या लक्षात आली. चष्मेवाल्यांनी भाषण करायचं ठरवलं होतं, त्यांना कुणी करू दिलं नाही. छत्रीचा भाग लावला. मी मागे बसले होते. माझ्या शेजारी एक पोक्त बाई होत्या, त्यांच्या घरची कॅसेट होती म्हणून त्यांना पुढे बोलावत होते, त्या गेल्या नाहीत. ऐकता ऐकता म्हणाल्या, ही मावशी खरी असेल, अशी बाई कुणी बनवू शकत नाही. मग त्यांनी विचारलं, तुमचं कुणी होतं का कार्यक्रमात? मी नेहमी काय सांगते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी म्हटलं, माझे यजमान होते, माझे दीर होते, आणि शेवटचं वर्ष मी होते. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाल्या, "एकदा रागवा ना माझ्यावर." मी रागावले. त्यांना चांगलंच दमात घेतलं. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मुलीला बोलावून तिच्यावरही रागवायला लावलं.

आता तुमच्याबद्दलची तक्रार. त्या शनिवारी जाताना मास्तरांकडून कार्ड मागून घेतलंत आणि कोरी ओळ तुमच्या हाताने भरलीत, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. एका कार्डाची नाही, त्या वर्षाच्या सगळ्या कार्डांची. बसून लिहिलीत. माझं पूर्ण नाव लिहिलंत, मला वाटलं होतं नुसतं 'वहिनी' लिहाल. माझं माहेरचं नाव तुम्हाला लक्षात होतं, ते कंसात लिहिलंत. मी ते कार्ड उजेडात धरून पुष्कळ वेळ बघितलं.

पण माझं नाव तुम्ही एकटंच लिहिलंत. स्वतःचं लिहिलंच नाहीत. ते मी चालू देणार नाही. मास्तरांना कोरी कार्डं मागितली आणि सगळी पुन्हा लिहिली. अक्षर तुमच्यासारखं नाही, पण जोडाक्षरं बरोबर आहेत. मावशीपुढे आता असं आहे: पात्र धाकट्यांचं, आवाज वहिनींचा, आणि खाली दोघांची पूर्ण नावं. तुमचं आधी. तुमच्या दादांनी जागा धरून ठेवली होती ती मी बसून गिळून टाकावी, एवढी मी हावरट नाही. तुमच्या हाताची कार्डं मास्तरांनी टाकली नाहीत. म्हणाले, हीसुद्धा इतिहासच आहेत, आणि त्यांना वेगळा खोका केला.

जाताना म्हणालात की निकाल नियमाप्रमाणे पोस्टाने येईल. आला तर ठेवून घेईन. पण त्यासाठी तिकीट खर्ची घालू नका. मला तो तिथेच कळला.

तुमचे दादा माइकसमोर कधी हसले नाहीत. सगळा स्टुडिओ हसायचा, काचेपलीकडे बाई हसायच्या, मी ओठ चावून बसायची, हे दगडासारखे उभे. म्हणून लोकांना वाटायचं भाडेकरू खरोखर छत्री शोधतोय. तुम्हीही त्यांच्यासारखेच होतात. आणि त्या शनिवारी, अगदी त्यांच्या आवाजात, "कुणाबरोबर?" असं विचारून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी उत्तर दिलं, आणि तुम्हाला पुढचं वाक्य बोलता आलं नाही. कागद तोंडावर धरलात. मास्तरांना वाटलं तुम्ही रडताय.

मी तुमच्या समोर होते. तुम्ही हसत होतात.

वहिनी